कोबेची हवा, आणि घर कुठे घ्यावं

एप्रिलपासून दोन वर्षं जपानमधल्या कोबेत राहायचंय, बंदराचं शहर म्हणजे हवा मुंबईसारखी दमट का, आणि घर कुठे बघावं, असं तुम्ही विचारलंय. मी तिथे काही वर्षं राहिलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुंबईसारखी चिकचिक जून ते सप्टेंबर. आधी पावसाळा, साधारण जुलैच्या मध्यापर्यंत. मग ऑगस्टचा उकाडा, त्यात रात्रीही एसी लागतो. पण वर्षाचा पाऊस १,३०० मिमीच्या आसपास, मुंबईपेक्षा पुष्कळच कमी, कारण कोबेसमोरच्या सेतो समुद्राच्या दोन्ही अंगांचे डोंगर ढग अडवतात. हिवाळा कोरडा, जानेवारीची सरासरी ६ अंशांच्या आसपास. बर्फ क्वचितच, मात्र शहरामागच्या रोक्को डोंगरावरून उतरणारं वारं अंगाला झोंबतं. जाड जॅकेट न्याच.

घराचं म्हणाल तर सगळं या रोक्कोवर ठरतं. उंची ९३१ मीटर, आणि त्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत जेमतेम दोन-चार किलोमीटरची पट्टी. त्यातच हान्क्यू, जेआर आणि हानशिन या तीन रेल्वे समांतर धावतात. पत्ता सांगतानाही लोक 'डोंगराच्या बाजूला', 'समुद्राच्या बाजूला' असंच सांगतात. हान्क्यूच्या रुळांच्या वर, डोंगराकडे घर घेतलंत तर बाजारहाट करून रोज चढ चढावा लागेल. डोंगरापलीकडच्या किता वॉर्डात थंडी आणखी जास्त.

इमारत शक्यतो जून १९८१ नंतरच्या भूकंप-नियमांनुसार बांधलेलीच घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली. सगळ्यात जोराचे हादरे याच सपाट पट्टीत बसले, आणि पोर्ट आयलंडसारख्या भराव टाकून केलेल्या बेटांवर जमिनीतून पाणी-वाळू वर आली. महापालिकेचा आपत्ती-नकाशा मिळतो, तो बघितल्याशिवाय सही करू नका.

मुलं बरोबर असतील तर हे नीट वाचा. इथल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. तोगा नदीत उतरायला पायऱ्या आहेत, उन्हाळ्यात घोटाभर पाण्यात मुलं खेळतात. २८ जुलै २००८ ला डोंगरात जोराची सर आली, दहा मिनिटांत पाणी सव्वा मीटरहून जास्त चढलं आणि पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतर काठावर इशाऱ्याचे फिरते पिवळे दिवे बसवलेत. ते पेटले की डोक्यावर ऊन असलं तरी मुलांना लगेच वर घ्या.