‘पाणी नर्मदेचं की बोरिंगचं?’ : भाड्याच्या घरांच्या वेबसाइटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात मी सहज लिहून गेलो, की इंदुरात भाड्याचं घर शोधणारा माणूस तासभर वेबसाइट चाळतो आणि शेवटी चौराह्यावरच्या पानवाल्यालाच विचारतो. त्यावर बरीच पत्रं आली. काही वेबसाइट बनवणाऱ्यांची, काही खोली देणाऱ्यांची, एक चक्क दलालाचं. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र फक्त इंदुरासाठी भाड्याच्या घरांची साइट करतोय. मोठ्या साइटवरून माहितीचे रकाने उचलले तर यादी बावन्नवर गेली. ठेवावेत कोणते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजेंद्र नगर)

उत्तर : उचलू नका, ऐका. माझ्या मावशीचा लोकमान्य नगरातला वरचा मजला रिकामा झाला तेव्हा मी चार दिवस तिच्या फोनशेजारी बसलो आणि आलेला प्रत्येक प्रश्न कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. पहिला प्रश्न जवळजवळ दरवेळी तोच : पाणी नर्मदेचं की बोरिंगचं? मग, किती वाजता येतं आणि टाकी केवढी. मग गाडी आत लागते का. लाइटचं मीटर वेगळं आहे की सब-मीटर, आणि युनिटला किती घेता. फाटक रात्री किती वाजता बंद होतं. डिपॉझिट किती महिन्यांचं. चौरस फूट एकानंही विचारले नाहीत.

आता तुमची बावन्नची यादी काढून बघा. त्यात ‘पाणी : २४ तास’ असा एक चौकोन असेल. तो दुसऱ्या शहराचा आहे. आपल्याकडे १९७८ पासून नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून आणलं जातं आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड नळ येतो. मधला दिवस टाकीवर आणि बोरिंगवर निघतो. म्हणून रकाना असा हवा : नर्मदा, बोरिंग, दोन्ही, टँकर; आणि खाली टाकी घरापुरती की सगळ्यांत सामाईक. बोरिंगच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि केस चिकट होतात, हे भाडेकरूला ठाऊक असतं. तुमच्या साइटला ठाऊक आहे असं दिसलं, की त्याचा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

चौरस फुटांचं म्हणाल तर रकाना ठेवा, पण सक्तीचा करू नका. २०१६ च्या रेरा कायद्यानं, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणाऱ्या कायद्यानं, कार्पेट एरियाची व्याख्या केली आहे : बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची वगळून आतली वापरायची जागा, आतल्या भिंती मात्र धरून. बिल्डरच्या पत्रकात छापतात तो सुपर बिल्ट-अप आकडा, म्हणजे जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही धरून, वेगळा. जुन्या घरांची तर कुणी मोजदादच केलेली नसते, मग मालक अंदाजे काहीतरी ठोकून देतो. त्यापेक्षा ‘डबल बेड आणि कपाट ठेवून दार पूर्ण उघडतं का?’ हा प्रश्न जास्त खरं उत्तर काढतो.

आणि पैसे एका ओळीत दाखवा. भाडं ९,०००, मेंटेनन्स ८००, पाण्याचे २००, म्हणजे महिन्याला १०,००० आणि लाइट वेगळी. ९,००० मोठ्या अक्षरांत आणि बाकीचं घर बघायला गेल्यावर जिन्यात सांगायचं, ही सवय वेबसाइटनं उचलू नये.

प्रश्न : लोक सर्चमध्ये लिहितात एक आणि आमच्या डेटाबेसमध्ये असतं दुसरं. नकाशा दिला की हा त्रास मिटेल का? (सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, विजय नगर)

उत्तर : नाही. नकाशावर जागा ओळखता यायला आधी शहर माहीत असावं लागतं, आणि घर शोधणाऱ्यांतले अर्धे नवीनच आलेले असतात.

इंदुरात एकेका जागेला तीन-तीन नावं आहेत. विजय नगर म्हणजे कुणाला स्कीम नंबर ५४. ती मराठी माणूस ‘चोपन्न’ लिहील, हिंदी माणूस ‘चौवन’ म्हणेल आणि तिसरा नुसतं ‘५४’ टाकेल. भंवरकुवा चौराह्याचं नाव आता टंट्या भील चौराहा आहे. कोचिंगला आलेल्या मुलाला रिक्षावाला भंवरकुवा सांगतो आणि नकाशा टंट्या भील. महूचं २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं, तरी मिलिटरीतली माणसं अजून महूच म्हणतात. भंवरकुवा रोमन लिपीत लिहायला सांगा, पाच जण पाच प्रकारे लिहितील.

तेव्हा एक वही करा, खरोखरची. एका बाजूला वस्तीचं एक पक्कं नाव आणि समोर तिची सगळी टोपणनावं, जुनी नावं, स्कीमचे नंबर, चुकीची स्पेलिंगं. सर्च त्या वहीवरून चालू द्या. शून्य उत्तर आलेले शब्द दर आठवड्याला वाचा आणि वहीत चढवा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

नकाशा मागितल्यावर उघडू द्या. पान उघडताच लादू नका, डेटा खातो. त्यावर घराची नेमकी खूण नको, दोन-तीनशे मीटरचं वर्तुळ पुरे. एकट्या राहणाऱ्या बाईचं घर टाचणीनं दाखवायचं काही कारण नाही. अंतर सरळ रेषेत सांगू नका. रेल्वे लाइनच्या पलीकडचं घर रेषेनं पाच मिनिटांवर असतं आणि फाटकावरून वीस.

प्रश्न : सर, मी बुऱ्हाणपूरहून शिकायला आले. भंवरकुव्याजवळ खोली शोधताना फिल्टर लावले की ‘एकही घर नाही’ असं यायचं. काढले की चारशे घरं. यात माझं काय चुकलं? (विद्यार्थिनी)

उत्तर : तुझं काहीच चुकलं नाही. बनवणाऱ्यानं फिल्टर दिले आणि जबाबदारी तुझ्यावर ढकलली. शून्य घरं सांगणारं पान हे दार आपटण्यासारखं आहे. तिथे असं लिहिलेलं हवं : ‘५,००० पर्यंत काही नाही, ५,५०० पर्यंत ६ खोल्या आहेत. फाटक रात्री १० नंतर उघडं ही अट काढली तर ११ खोल्या.’ म्हणजे कोणती अट सोडायची हे तू ठरवशील.

पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी पुरतात : वस्ती, बजेट, किती खोल्या, कधीपासून हवी. बाकी सगळं ‘आणखी’ या बटणामागे. बजेटची ती सरकपट्टी तर मला बघवत नाही. शून्यापासून एक लाखापर्यंत पट्टी आणि खोल्या सगळ्या ४ ते १५ हजारांत, त्यामुळे अंगठा केसभर हलला तरी दोन हजारांनी उडी. टप्प्यांची बटणं द्या. आणि फिल्टर लावत असतानाच बटणावर ‘१४ घरं दाखवा’ असा आकडा बदलत राहू दे.

तू दुसरीही एक गोष्ट लिहिली आहेस : खोली उघडून मागे आलं की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही चूक मला दर दुसऱ्या साइटवर भेटते. लावलेले फिल्टर पत्त्यातच, म्हणजे लिंकमध्ये राहिले पाहिजेत आणि मागे आल्यावर यादी जिथे सोडली तिथेच उघडली पाहिजे. घर एकटं कुणी ठरवत नाही. ती लिंक बाबांना, मामाला, रूममेटला व्हॉट्सॲपवर जाते. त्यांनी उघडली की तीच यादी दिसायला हवी, आणि लिंकच्या खाली फोटो, भाडं आणि वस्ती आपोआप यायला हवी. बनवणाऱ्यांसाठी : ओपन ग्राफचे टॅग, अर्ध्या तासाचं काम.

प्रश्न : मी दलाली करतो, लपवत नाही. नंबर दिल्याशिवाय घर दिसणार नाही असं केलं तर ग्राहक पक्के मिळतात. तुम्ही लोक याला नाक का मुरडता? (एक वाचक, पाटनीपुरा)

उत्तर : दलालीला नाक मुरडत नाही. चार घरं दाखवायला दुपारच्या उन्हात कुणीतरी फिरतंच.

पण नंबर आधी मागून तुम्हाला ग्राहक नाही, नंबर मिळतात. त्यातले बरेच खोटे असतात आणि जे खरे असतात ते तुमचा फोन दुसऱ्या दिवसापासून उचलत नाहीत. भाडं, फोटो, पाणी, दलाली किती, हे सगळं उघड दाखवा आणि ‘बोलायचं आहे’ म्हटल्यावरच नंबर घ्या. फोन कमी येतील, पण येईल त्याला घर अर्धं पटलेलं असेल.

दुसरं अंमळ स्पष्ट बोलतो. गेलेलं घर मुद्दाम लावून ठेवायचं, फोन आला की ‘ते आत्ताच गेलं, पण दुसरं आहे’ म्हणायचं, याला आता सरकारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि आमिष दाखवून माल बदलणं, खोटी घाई लावणं, किंमत थेंबाथेंबानं उघड करणं हे तिन्ही त्यात आहेत. ‘आत्ता ७ जण हे घर बघताहेत’ ही पाटीसुद्धा, खरी नसेल तर.

गेलेल्या घरांचा उपाय सोपा आहे. दर आठवड्याला मालकाला एक मेसेज : ‘खोली अजून रिकामी आहे?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘गेली’. दोनदा उत्तर नाही आलं तर जाहिरात आपोआप खाली. आणि प्रत्येक घरावर ‘३ दिवसांपूर्वी विचारून खात्री केली’ अशी ओळ. माझ्या मते एवढ्या एका ओळीसाठी लोक पुन्हा तुमच्याच साइटवर येतील. चकचकीत रंगांसाठी येणार नाहीत.

प्रश्न : माझं वय ६८. सुदामा नगरात खालची खोली द्यायची आहे. मुलानं साइट काढून दिली, पण अर्ध्यातच फॉर्म गायब होतो. फोटोही ‘फाइल मोठी’ म्हणून परत येतात. आणि माझा नंबर सगळ्या जगाला दिसावा असं मला वाटत नाही.

उत्तर : काकू, तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्ही चुका साइट बनवणाऱ्यांच्या आहेत, तुमच्या नाहीत. हे उत्तर बनवणाऱ्यांनी वाचावं.

एका पडद्यावर एकच प्रश्न, आणि दिलेलं उत्तर तिथल्या तिथे जपून ठेवा. मध्ये दूधवाला येतो, ओटीपीचा मेसेज बघायला दुसरीकडे जावं लागतं. परत आल्यावर सगळं कोरं असेल तर माणूस दुसऱ्यांदा भरत नाही. आकड्यांच्या जागी कुणी ‘६०००’ देवनागरीत लिहिलं तरी चाललं पाहिजे.

फोनचा फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. तो पाठवण्याआधी फोनमध्येच लहान करता येतो. ‘फाइल मोठी आहे’ हे काकूंना सांगून काय उपयोग? बघणाऱ्याकडे वेबपीसारख्या हलक्या स्वरूपात पाठवा, आधी एकच फोटो आणि बाकीचे बोट सरकवल्यावर. फोटोची लांबी-रुंदी पानाला आधी सांगून ठेवा, नाहीतर फोटो उतरतो तेव्हा मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा, गूगलचाही निकष तोच आहे.

काकू, तुमच्यासाठी : शोकेस आणि देवघराचा फोटो नको. दारात उभं राहून पूर्ण खोली, स्वयंपाकाचा ओटा, बाथरूम, आणि बाहेरून आत यायची वाट. सकाळी दहाच्या सुमारास, खिडकी उघडून. कॅमेऱ्यात ०.५ दाबलं की खोली दुप्पट दिसते, ते दाबू नका. येणारा माणूस दारातच हिरमुसतो.

नंबराचं तर साइटनं मधला नंबर द्यायला हवा, फोन त्यावरून तुमच्याकडे वळेल. तुमच्या साइटवर ती सोय नसेल तर ‘आधी मेसेज’ हा पर्याय निवडा. आणि साइटवर कुणाच्याही आधार कार्डाचा फोटो चढवू नका, स्वतःचाही नाही, भाडेकरूचाही नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते ती घर ठरल्यावर, आणि ती तुम्ही द्यायची.

प्रश्न : मी एकटा राहतो, नोकरी सुपर कॉरिडोरला. निम्म्या ठिकाणी ‘फक्त फॅमिली’ आणि आडनाव ऐकून नकार. साइटनं यात काही करावं का? (एक वाचक)

उत्तर : करावं, आणि जे करता येईल तेवढंच करावं. ‘स्वयंपाकघरात मांसाहार नको’, ‘फाटक साडेदहाला बंद’, ‘फक्त कुटुंब’ या अटी पटोत न पटोत, आधी दिसल्या तर तुमचा रविवार वाचतो. त्या वर, भाड्याच्या शेजारी असाव्यात. पण चौकशीच्या फॉर्ममध्ये आडनाव, जात, धर्म यांचे रकाने असता कामा नयेत. नाव पहिलं, नोकरी कुठे, कधीपासून हवं, किती जण. मी केलेल्या फॉर्ममध्ये आडनाव नसतं. एका गिऱ्हाईकानं त्यावरून काम काढून घेतलं होतं, घेऊ दे.

प्रश्न : मराठी पानावर अक्षरं विचित्र दिसतात, रेघ तुटलेली. फॉन्ट बदलू? (वेब डिझायनर, तिलक नगर)

उत्तर : फॉन्टचा दोष नसावा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची आज्ञा इंग्रजी डिझाइनमधून तशीच आली असेल. देवनागरीत ती शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त हवं, वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते. पानाची भाषा ‘हिंदी’ ऐवजी ‘मराठी’ नोंदवा. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट मग ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. इंदुरात मराठीसोबत हिंदी पान लागेलच, पण एकाचं भाषांतर दुसऱ्यावर चिकटवू नका.

प्रश्न : डार्क मोड हवाच का?

उत्तर : आधी उन्हात दिसू द्या. फिकट करड्या पार्श्वभूमीवर करडं भाडं दुपारी दोनला रस्त्यावर वाचता येत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण किमान ४.५ ला १ ठेवा.

प्रश्न : साइट तयार आहे, तपासायची कशी? पैसे नाहीत. (पहिल्या प्रश्नातलाच विद्यार्थी)

उत्तर : पाच माणसं पुरतात, हे वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सेननं २०००मध्येच सांगून ठेवलंय. खोली शोधणारे तीन, देणारे दोन. स्वतःचा महागडा फोन देऊ नका, त्यांचाच घ्या. एक काम सांगा, ‘सहा हजारांत खोली शोध’, आणि गप्प बसा. अडले तरी बोट दाखवायचं नाही, हेच सगळ्यात अवघड जातं.

मावशीनं माझ्या पहिल्या फॉर्मवर ‘सबमिट’च्या बटणावर बोट अधांतरी धरलं आणि विचारलं, ‘हे दाबलं की खोली कुणाला देऊन टाकली जाईल का?’ त्या बटणावर आता ‘जाहिरात लावा’ असं लिहिलंय.