होणाऱ्या नवऱ्याने जुना गुनाह (पाप) विचारला तर? (उत्तर जरा लांबलंय)

ताई, सलाम. तुम्ही लिहिलंय की निकाह ठरलाय, जुनं प्रकरण संपून कितीतरी वर्षं झाली, तौबाही केली (पस्तावून अल्लाहकडे माफी मागितली), आणि आता होणारा नवरा म्हणतोय कुराणावर हात ठेवून सांग आधी कोणी होतं का. वाचून पोटात गोळाच आला, मी यातूनच गेलेय. तौबा कशी करायची वगैरे तुम्हाला माहितीये, त्यात जात नाही.

माझं स्पष्ट मत, सांगू नका. बुखारी-मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की उम्मतीतल्या, म्हणजे मुस्लिम समाजातल्या, सगळ्यांना माफी मिळेल, गुनाहाचा गाजावाजा करणारे सोडून, आणि त्यात तो माणूसही येतो ज्याच्या रात्रीच्या गुनाहावर अल्लाहने परदा टाकला आणि सकाळी तो स्वतःच सांगत सुटला. मुअत्ता या जुन्या हदीससंग्रहात दुसरे खलीफा हजरत उमर यांचा किस्सा आहे, एकाच्या बहिणीला मागणी आली, तर या भावाने तिच्या जुन्या झिनाची (लग्नाबाहेरच्या संबंधाची) गोष्ट समोरच्याला सांगून टाकली. उमरना कळलं तेव्हा ते भावावर भडकले, बहिणीवर नाही! तू हे सांगायला गेलासच कशाला म्हणून.

आता माझं. निकाहाआधी आम्हा दोघांना एका समुपदेशन केंद्रात पाठवलं, नाव घेत नाही. तिथे एक फॉर्म, त्यात कॉलम होता 'विवाहपूर्व संबंध', पुढे हो आणि नाहीचे चौकोन. खोटं लिहायचं नव्हतं आणि परदाही फाडायचा नव्हता म्हणून मी दोन्ही चौकोन कोरे सोडले. तर त्या बाईंनी पेनचं टोक नेमकं तिथे टेकवून त्याच्यासमोर मोठ्याने विचारलं, हे रिकामं का? झालं. पुढे जे विचारलं जायचं ते सगळं त्या कोऱ्या चौकोनातून निघालं, कोण, कधी, कुठपर्यंत, आणि निकाह झाल्यावरही ते थांबलं नाही. तक्रार करायला गेले तर म्हणे आमची पद्धतच आहे, नात्यात पारदर्शकता हवी. तुमची पारदर्शकता, आणि घर आमचं. फॉर्म परत मागितला तोही दिला नाही, फाइल झालीये म्हणे.

म्हणून सांगते, असं कुठे बोलावलं तर काय विचारणार, कागद कोणाकडे राहणार हे आधीच विचारून घ्या. आणि तुमच्या त्याला शांतपणे सांगा की मी माझ्या किंवा तुमच्या भूतकाळावर बोलणार नाही, सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) टोह घ्यायला, म्हणजे दुसऱ्याचं गुपित खणून काढायला मनाई आहे. हे प्रश्न येण्याआधीच सांगितलेलं बरं, नंतर सांगितलं की तोच कबुलीजबाब धरतात. कसम मात्र अजिबात घेऊ नका. खोटी कसम मोठा गुनाह, आणि खरी घेतली तर परदा गेला. फारच अडवून विचारलं तर बरेच आलिम (धर्मपंडित) तौरियाची, म्हणजे दोन अर्थ निघतील अशा बोलण्याची वाट सांगतात. एवढं करूनही तो हट्ट सोडत नसेल तर निकाहाचा पुन्हा विचार करा, हे माझं वैयक्तिक मत आहे, कोणाला पटणार नाही.

पण परदा म्हणजे सगळंच लपवा असं नाही हां. आधीचा निकाह, मूल, संसर्गाचा आजार, डोक्यावरचं कर्ज, हे समोरच्याच्या हक्काचं आहे, ते सांगायलाच हवं. आजाराची शंका असेल तर गुपचूप टेस्ट करून घ्या.

मी आलिमा नाही, मुफ्तींना (फतवा देणाऱ्या आलिमांना) जरूर विचारा, विशेषतः कुमारिकेची अट घालूनच निकाह ठरला असेल तर, कारण त्यावर मतभेद आहेत. फक्त विचारताना 'एका व्यक्तीचं असं झालंय' म्हणून विचारा, स्वतःचं नाव नको, मसला (धर्माचा नियम) तसाच सांगतात. आणि तो जुना माणूस फोटो वगैरेवरून धमकावत असेल तर त्याचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि सरळ पोलिसात जा. ही तुमची पोस्टही काढून टाका, प्रोफाइलला तुमचा फोटो आहे.