जुन्या, दुर्मीळ पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदाच जाणार आहे. काय बघून घ्यावं? भाव करावा का?

भाव करू नका. बाकीचं नंतर सांगते, कारण ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि आमच्या भाऊजींचं आजतागायत बिनसलेलं आहे.

डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मी सुटेसुटे जमवत होते. पाचवा, विज्ञानेतिहासाचा, काही केल्या हाती लागेना. आमच्या पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, तिथल्या काकांना सांगून ठेवलेलं. एक दिवस फोन आला, "ताई, तुमचा पाचवा आलाय." भाऊजी नेमके तेव्हाच घरी. म्हणाले, चला, मीही येतो.

खंड छान होता. कापडी बांधणी, पुठ्ठ्याच्या आत कोपऱ्यात पेन्सिलीने ९००. मी पर्स उघडतेय तोवर भाऊजींनी तो उचलला आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडली. शंभरीला टेकलेला कागद तो, दोन पानांचे कोपरे तुटून काउंटरवर पडले. वर हे म्हणतात, "कसर लागलीय हो. आणि हे सगळं नेटवर फुकट आहे. दोनशे घ्या." काका एक शब्द बोलले नाहीत. कोपरे वेचून त्या-त्या पानात ठेवले, खंड फडक्याने पुसला, मागच्या फळीवर ठेवला. "विकायचा नाहीये."

नंतर एकटी गेले तर एक संशोधन करणारा मुलगा पूर्ण नऊशे मोजून घेऊन गेला होता. भाऊजी दर दिवाळीला फराळ करताना ऐकवतात, "तुझे नऊशे वाचवले मी!"

नेटवर आहे, कबूल. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोश नेटवर आणला, उत्तम केलं, मीही वापरते. पण "रद्दीच्या भावात घेतात आणि शेकड्यांत विकतात" हे भाऊजींचं पालुपद मला मान्य नाही. वाडा पाडायला निघाला की घरचे लोक अख्खं कपाट एकदम उचला म्हणतात. त्यात गाइडं, जुनी पंचांगं, भिजलेले दिवाळी अंक, आणि तळाशी कामाची चार पुस्तकं. ती चार वर्षानुवर्षं सांभाळायची, वाळवीपासून जपायची, जागेचं भाडं भरायचं आणि कोणाला काय हवंय ते डोक्यात ठेवायचं. ९०० त्याचे होते. पुण्यातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान २०१२ साली बंद झालं, मुंबईचं स्ट्रँड २०१८ साली. तेव्हा हळहळणाऱ्यांत आमचे भाऊजी आघाडीवर होते, हे जाता जाता.

आता बघायचं काय. पुस्तक टेबलावर ठेवून उघडा, हातात धरून फाकवू नका. फर्मे, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचे जुडगे, तपासा: साधारण सोळा पानांचा एक, पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. जुन्या बांधणीत एखादा फर्मा दुबार आणि पुढचा गायब, असं बऱ्याचदा निघतं. पुन्हा बांधलेलं असेल तर कटिंगमध्ये समासाबरोबर ओळींची टोकं उडाली नाहीत ना, तेही बघा. वाचनालयाचा शिक्का आहे पण 'बाद' केल्याचा शेरा नाही, असं दिसलं तर सरळ विचारा. पहिल्या आवृत्तीचा सोस असेल तर मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं प्रकाशनाचं पान वाचा. वाचायलाच हवं असेल तर कुठलीही आवृत्ती चालते, उगाच जास्त पैसे घालवू नका.

आणि हो, भाव करू नका हे दुकानापुरतं. फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या फुटपाथवर खुशाल करा, तिथे सांगितलेली किंमत त्या हिशेबानेच असते. दुकानातही चार-पाच पुस्तकं एकदम घेतलीत तर बहुतेक जण आपणहून कमी करतात. नाही केले तर गप्प पैसे द्या. आणि सोबत कोणाला नेऊ नका, निदान मेहुण्याला तरी नाही.