रंगीत फिल्मचा कॅमेरा घेतलाय, पण पुण्यात घरी-गल्लीत सगळं रोजचंच दिसतं. फोटो कशाचे काढू आणि फिल्म कोणती वापरू?

घरातल्या बादलीचा फोटो काढा. चेष्टा करत नाहीये. "रोलला एवढे पैसे घालून बादल्यांचे फोटो?" असं आमचा दादा चारचौघांत म्हणाला होता, ते अजून डोक्यात आहे म्हणून लिहितोय.

आमचं नारायण पेठेतलं जुनं घर. न्हाणीबाहेर पितळी नळ, खाली लाल प्लास्टिकची बादली, मागे नीळ घालून चुना दिलेली भिंत. सकाळी तिथे तिरपं ऊन येतं आणि बादलीची कड आतून पेटल्यासारखी दिसते. आत स्वयंपाकघरात आईने ट्यूब लावलेली. कोडॅकच्या गोल्ड २०० या रंगीत फिल्मवर फोटो काढला. ही फिल्म दिवसाच्या, म्हणजे साधारण ५५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) उजेडासाठी बनवलेली असते. त्यामुळे सावलीतली भिंत जास्तच निळी आली, ट्यूब हिरवी आली आणि उन्हातला लाल तेवढा खरा राहिला. लॅबवाल्याने स्कॅन करताना आपल्या मनाने भिंत पांढरी करून दिली होती. ती परत स्कॅन करून घेतली. तुम्हीही रोल देतानाच बजावा, कलर करेक्शन नको.

दादा म्हणाला, "ट्यूबचा रंग बिघडलाय. मोबाइलने आपोआप नीट केला असता." नीट कसला, पुसला असता! त्या घरात सकाळी एकाच वेळी तीन उजेड असतात, ते कोणाला दिसले असते?

याच दादाला पाहुणे आले की केळकर संग्रहालयात नेऊन अडकित्ते आणि दिवे तिकीट काढून दाखवायचे असतात. तेही कोणाच्या तरी घरातलं रोजचंच सामान होतं ना? १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगलस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचे रंगीत फोटो लावले, त्यांत लहान मुलाची तीनचाकी सायकलसुद्धा होती. तिथल्या समीक्षकांनीही दादासारखीच नाकं मुरडली.

तर फिल्म गोल्ड २०० घ्या आणि कॅमेऱ्यावर आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, २०० ऐवजी १०० ठेवा, म्हणजे कॅमेरा दुप्पट उजेड देतो. गोल्डसारख्या निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड चालतो, कमी पडला की सावल्या मातकट होतात. पहिल्या रोलला मंडई, जुना बाजार नको, तिथे माणसंच काढत बसाल. तांबट आळीत जा हवं तर, मठारकाम केलेल्या, म्हणजे हातोडीने ठोके पाडलेल्या हंड्यावर उजेड फार सुंदर फुटतो.

हां, स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं चित्र उमटतं ती) असेल तर १०० वगैरे विसरा, तिथे जादा उजेडाने फोटो धुऊन जातो. आणि साधा ऑटोमॅटिक कॅमेरा रोलवरचा कोड वाचून २०० च धरतो, त्याच्याशी भांडू नका.

दादाच्या हॉलमध्ये कॅनव्हासवर सिंहगडाचा सूर्यास्त लावलाय. तो त्याच्या बिल्डिंगच्या लॉबीतही आहे.