शेड घेण्याआधी वाळूजला जाऊन ये

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून मशिनिंगचा स्वतःचा धंदा काढायचा, आणि तोही पुण्यात नाही, छत्रपती संभाजीनगरात, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तुझ्या खर्चाच्या तक्त्यात सीएमएम, म्हणजे भागांची मापं अचूक तपासणारं महागडं यंत्र, दिसलं म्हणून लगेच लिहायला बसलो. ते आत्ता काढून टाक.

वाळूज एमआयडीसीत मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल असं सामाईक यंत्रांचं केंद्र. केंद्राचं अनुदान आणि इथल्या उद्योजकांचा पैसा एकत्र येऊन ते उभं राहिलं, कारण अशी यंत्रं एकट्या छोट्या कारखानदाराला झेपत नाहीत. तिथे पैसे भरून जॉब, म्हणजे तू बनवलेला भाग, मोजून घे. नुसता रिपोर्ट घेऊन परत येऊ नकोस, मोजताना शेजारी उभी राहा. प्रोबच्या, म्हणजे मापाच्या सुईच्या, टोकाची माणकाची बारीक गोळी बोअरला, म्हणजे भोकाला, कुठे कुठे टेकते, डेटम, म्हणजे ज्यावरून मापं घ्यायची तो संदर्भ, कसा धरतात, ते बघ. जॉब आदल्या दिवशीच नेऊन दे, म्हणजे तो मोजणीच्या खोलीच्या तापमानाला येईल. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. पोलाद दर अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, म्हणजे १०० मिलिमीटरचं बोअर ३५ अंशांवर मोजलं तर १७ मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. तुझ्या ड्रॉइंगवर टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, २० मायक्रॉनचा आहे! गरम जॉब घाईने मोजून गिऱ्हाइकाशी वाद घालत बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम, म्हणजे साचे-अवजारं बनवणारं आणि त्याचं शिक्षण देणारं सरकारी केंद्र, तीही तुझीच समज. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) आणि डायचं (साच्याचं) काम अडलं तर तिथे विचार, आणि कामाला पहिली दोन पोरं तिथे शिकलेलीच घे.

आता ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीबद्दल. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकर. चालवणाऱ्या कंपनीत एमआयडीसीचा वाटा ५१ टक्के, उरलेला केंद्राच्या ट्रस्टचा. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला, तेव्हापासून तुझ्या वयाचे सगळे तिकडेच डोळे लावून बसलेत. राज्य आणि केंद्र एकत्र आल्याशिवाय एवढी जमीन, पाणी, वीज एका जागी मिळाली नसती, हे मी मानतो. पण करार झाला म्हणून तुझ्या हातात ऑर्डर पडत नाही. बजाज १९८५ साली वाळूजला आली, तेव्हा ज्यांनी नमुना वेळेत आणि मापात दिला, ते टिकले. मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराचा पुरवठादार म्हणून सुरुवात कर. त्यात कमीपणा नाही.

अनुदानाचं मात्र नीट समजून घे. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्याच्या गटाप्रमाणे सवलत ठरते, पण त्यातला बराचसा पैसा उत्पादन सुरू झाल्यावर, भरलेल्या राज्य जीएसटीच्या परताव्यातून येतो. तोही कागद फिरतील तसा. म्हणून बँकेला देशील त्या हिशेबात त्याच्या भरवशावर एकही हप्ता धरू नकोस. पहिलं वर्षभर अनुदान नाहीच असं समजून गणित बसत असेल, तरच शेड भाड्याने घे. आणि प्लॉट तर इतक्यात नकोच. एमआयडीसीचा प्लॉट घेतला की ठरल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं, आणि तुझं भांडवल भिंतीत अडकेल.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. मसिआ किंवा सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनांपैकी एकीची सभासद हो आणि बैठकांना जा. वीज सारखी ट्रिप होते, ट्रक वळायला रस्ता पुरत नाही, ही रडगाणी तिथे एका अर्जात एकत्र होतात आणि सरकारपुढे जातात. ऑटो क्लस्टरसारखी केंद्रं अशाच बैठकांत धंदा सोडून संध्याकाळी येऊन बसणाऱ्या लोकांमुळे उभी राहिली. तुझ्यासारखी ड्रॉइंग वाचता येणारी, हिशेब कळणारी पोरगी तिथे बसायला हवी. मागच्या रांगेत नाही.

या आठवड्यात क्लस्टरला फोन करून मोजणीचा तासाचा दर विचार. तो आणि सीएमएमचा मासिक हप्ता शेजारी शेजारी मांडून तक्ता मला पुन्हा पाठव.

तुझा,
काका