पंपात दूध येत नाही, म्हणजे आटलं का?

“कामावर रुजू झाले आणि दूध आटलं हो मॅडम.”

मी आयांना स्तनपानाबद्दल सल्ला देते. बाळंतपणाची रजा संपलेली बाई माझ्यासमोर बसली की बहुतेक वेळा हेच वाक्य येतं. शिक्षिका म्हणतात, तलाठी ऑफिसातल्या म्हणतात, नर्ससुद्धा म्हणतात. पुरावा विचारला की दूध काढायच्या पंपाच्या बाटलीतला आकडा सांगतात.

त्यातली एक इथे सांगते. तिला मेघना म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बँकेत कॅशियर, राहायला साताऱ्यात, शाखा कोरेगावला. २६ आठवड्यांच्या रजेतले तीन बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे रुजू झाली तेव्हा मुलगा सव्वापाच महिन्यांचा होता. सकाळी नऊला घर सोडायचं, परत यायला साडेसहा.

तिने पर्समधून वही काढली. तारीख, वेळ, मिली. ४५, ६०, ३०, ३५. खाली बेरीज आणि बेरजेखाली लाल पेनाने दोन रेघा. दिवसभर नोटा मोजणाऱ्या बाईची वही अशीच असणार.

“बाळ दिवसात किती लंगोट ओले करतं?”

“सात-आठ. कधी जास्तच.”

“वजन?”

“महिन्यात साडेतीनशे ग्रॅम वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान आहे.”

“मग आटलं कुठे?”

“पण मॅडम, वहीत बघा ना.”

खरं तर उत्तर इथेच होतं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू आणि वजनाचा काटा वर जात असेल तर बाळाचं पोट भरतंय. बाळ जसं ओढतं तसं पंपाला जमत नाही. एका वेळी दोन्ही बाजूंचं मिळून ५० ते १०० मिली निघणं हे नेहमीचंच. पहिल्या सहा महिन्यांत नुसतं अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली पितं, म्हणजे तासाला तीसेक मिली. आई साडेनऊ तास बाहेर असेल तर तीनशेच्या आत-बाहेर. त्यातलंही बरंचसं बाळ आई आल्यावर आणि रात्री वसूल करतं.

हे सगळं मेघनाने आधीच वाचलेलं होतं. नुसत्या माहितीने काळजी जाते यावर माझा फारसा विश्वास नाही. जात असती तर मोबाइल असलेल्या सगळ्या आया निर्धास्त झोपल्या असत्या. काळजीच्या क्षणभर आधी एक विचार येऊन गेलेला असतो, तो हुडकायचा, या पद्धतीचं समुपदेशन मी शिकले आणि अजून तरी ते सोडावंसं वाटलेलं नाही.

“पंप लावलास की पहिल्या मिनिटाला मनात काय येतं?”

“काही नाही. दूध यावं, एवढंच.”

“डोळे कुठे असतात?”

“बाटलीच्या रेघांवर.”

“दूध रेघेपर्यंत चढत नाही, तेव्हा कोण दिसतं?”

ती बराच वेळ वहीचं पान चिमटीत धरून बसली. “आमच्या आई,” म्हणाली, म्हणजे सासूबाई. “मी घरी आले की बाटली घेतात आणि खिडकीच्या उजेडात धरून बघतात. रोज. एकदाच म्हणाल्या, ‘एवढंच?’ पण बघतात रोज.”

पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) लागतं, आणि ताण, लाज, दुखणं यांनी ते अडतं. दूध आत असतं, बाहेर येत नाही. मग छाती पुरती रिकामी होत नाही, आणि रिकामी झाली नाही की शरीर हळूहळू कमी दूध करायला लागतं. सुरुवातीला खोटी असलेली भीती अशी काही आठवड्यांत खरी होऊ शकते. कोरेगावच्या शाखेत स्टेशनरीच्या खोलीत पंप लावून बसलेली ही बाई घरच्या ओट्यापाशी होणाऱ्या तपासणीची तयारी करत होती.

आकड्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून बाटलीवर बाळाचा मोजा चढवा, बाळाचं झबलं जवळ ठेवा, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ बघा, असं मी सांगतेच, आणि उपयोग होतो. इथे मोज्यावर भागणार नव्हतं. म्हटलं, “पुढच्या वेळी आईंना घेऊन ये.”

“त्या नाही यायच्या.”

आल्या. नातवाला मांडीवर घेऊन, बाजूला दुपट्याची पिशवी ठेवून बसल्या. मी विचारायच्या आधीच सुरू झाल्या, “शिळं दूध लेकराला कशाला पाजायचं, तुम्हीच सांगा. परवाचं तर नासलंच होतं. वर थर आणि खाली निव्वळ पाणी. मी मोरीत ओतलं.”

मेघनाला हे माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी तिच्याकडे न बघता सासूबाईंना विचारलं, “काकू, म्हशीचं दूध तापवून न हलवता ठेवलं तर वर काय येतं?”

“साय.” मग त्या थबकल्या. “म्हंजे ती सायच होती व्हय?”

हो. आईच्या दुधातली स्निग्धता फ्रिजमध्ये अशीच वर येते आणि खालचं दूध पातळ, निळसर दिसतं. भांडं हलकेच गोल फिरवलं की पुन्हा एकजीव होतं. हे मी सांगितलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, तिथे आयांनी दिलेलं दूध पाश्चराइझ करून, गोठवून अशक्त बाळांना पाजतात, हेही सांगितलं. काकूंचं त्याकडे फारसं लक्ष नव्हतं. नातवाच्या टोपीची नाडी बांधत, सोडत त्या बोलायला लागल्या.

“हिचा नवरा दोन महिन्यांचा होता. त्याला सासूजवळ टाकून मी भांगलणीला जायची. दुपारपर्यंत छातीचा दगड व्हायचा. पदर भिजायचा. बांधाच्या आडोशाला बसून पिळून टाकायची. घरी ह्यो रडतोय आणि हितं मी मातीत पिळतेय. सासू साखरपाणी द्यायची त्याला.” मग मेघनाकडे वळून म्हणाल्या, “ठेवता येतं म्हणून कुणी सांगितलंच न्हाई गं.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नये या मताची मी आहे. समोरच्याचं वाक्य तिथेच संपतं.

गप्प बसलेल्या मेघनाने विचारलं, “हाताने? हाताने येतं?”

“न यायला काय झालं!” आणि काकूंनी पदरावरूनच दाखवलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं. आधी बरगडीकडं दाबायचं, मग पुढं. ओढायचं न्हाई, चोळायचं न्हाई, बोटं फिरवत सगळीकडून घ्यायचं. हाच तक्ता माझ्या कपाटात होता. तो मी कपाटातच राहू दिला. मी दाखवलं असतं तर मेघनाने ते माहितीच्या ढिगावर टाकलं असतं. बाटली उजेडात धरणाऱ्या हातांनी दाखवलं, म्हणून ते तिच्या अंगी लागलं.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. दूध काढणारी आणि पाजणारी, दोघींना एकत्र बोलावते. पाजणारे आजोबा किंवा नवरा असतील तर त्यांना. पाजणाऱ्याचा त्या दुधावर भरवसा नसेल तर काढणारीचा पान्हा अडतो, हे मी पुढेही पुष्कळ घरांत पाहिलं.

मेघना आता आधी दोन मिनिटं हाताने काढते, मग पंप लावते. आकडा आभाळाला भिडलेला नाही. ८०-९० मिली येतं. दुपारी घरून फोन येतो, “दोन वाट्या प्यायला, झोपला.” वहीत लिहिणं कधी थांबलं ते तिलाही सांगता आलं नाही.

बाकी सगळ्यांना सांगते ते असं. ऑफिसात टॉयलेटमध्ये बसून दूध काढू नका. कडी असलेली खोली मागा, आणि लाजत नव्हे तर लेखी मागा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दोन वेळा कामातून उठायची मुभा १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच, त्यामुळे छोट्या शाखांत ते मिळत नाही. ही उठायची मुभा मात्र तिथेही मिळते. मेघनाच्या मॅनेजरने अर्ज वाचून “हो हो, बघा काय ते” म्हणून घाईने सही केली. काउंटरवर ‘बंद’ची पाटी लावून ती वीस मिनिटं उठते. कुणाचं काही अडलेलं नाही.

दूध काढण्याआधी हात साबणाने धुवा. झाकणाचं स्टीलचं भांडं चालतं, उकळून घेतलेलं. साध्या हवेला चार तास ठीक, पण आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढाही भरवसा ठेवू नका, बर्फाच्या पिशवीतून न्या. फ्रिजमध्ये दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा. जास्त दिवस टिकतं असं तुम्ही वाचलं असेल. वीज जाते अशा घरात मी २४ तासांच्या पुढे जाऊ देत नाही. पन्नास-साठ मिलीचे छोटे वाटे करा, म्हणजे फेकावं लागत नाही. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये नको. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा. पाजायला वाटी-चमचा. निघताना अंगावर पाजून निघा, आल्याबरोबर पाजा, सुट्टीच्या दिवशी पंपाला हात लावू नका. रात्री बाळ जास्त उठून पिऊ लागलं तर ते दिवसाचं भरून काढतंय. तेव्हा आई दमते, म्हणून स्वयंपाकातलं एखादं काम घरच्यांनी उचललं पाहिजे, आणि हे सांगायची वेळ यावी याचा मला अजून राग येतो.

आणि खरंच शू कमी झाली, वजन थांबलं तर बाळाच्या डॉक्टरांकडे जा. छातीत गाठ, लाली, ताप असेल तर दुखणं अंगावर काढू नका, त्याच दिवशी दाखवा. काही जणींना खरंच कमी येतं. त्यांना डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यावं आणि जेवढं येतंय तेवढं अंगावर पाजत राहावं.

मेघना माझ्याकडे आली ती रुजू झाल्यानंतर. तुम्ही पंधरा दिवस आधी या. येताना बाटली, वही, पंप काही नको. मागे जो बाळाला पाजणार आहे, त्या माणसाला घेऊन या.