अक्कलदाढेची मुळे नसेवर आलेली दिसतात तेव्हा

आपल्या 24 वर्षांच्या मुलीच्या ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत, खालच्या उजव्या अक्कलदाढेची मुळे नसेच्या नलिकेवर आलेली दिसतात, आणि दाढ काढल्यास तोंड वाकडे होईल का, असे आपण डिचोलीहून विचारले आहे. ती भीती प्रथम मनातून काढावी. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी ही नस संवेदनेची आहे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी असून ती या हाडातून जात नाही. इजा झालीच तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. हा बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, क्वचित कायम राहतो.

फोंड्यात दवाखाना चालवताना मी अशा ओपीजी नेहमी पाहतो. ओपीजी ही जाड, वळणदार हाडाची सपाट सावली असते. मूळ गालाकडे आणि नलिका जिभेकडे असली, तरी त्या सावलीत दोन्ही एकमेकांवर पडतात. म्हणून धोका ठरवायला नुसते ‘वर येणे’ पुरेसे नाही. नलिकेच्या वरच्या आणि खालच्या कडेला दोन पांढऱ्या रेघा दिसतात, त्या तिच्या घट्ट हाडी भिंतीच्या असतात. मुळापाशी ती रेघ तुटली आहे का, मुळावर काळसर पट्टा आला आहे का, आणि नलिका तिथे एकाएकी वळली आहे का, हे पाहावे. रूड आणि शेहाब या संशोधकांनी 1990 साली तपासलेल्या सात खुणांपैकी नसेच्या इजेशी सर्वांत निकटचा संबंध याच तिन्हींचा आढळला. मोबाइलवर काढलेल्या फोटोत या रेघा हरवतात, म्हणून मूळ डिजिटल फाइल आग्रहाने मागून घ्यावी.

यांपैकी एखादी खूण असल्यास सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन, करणे योग्य ठरते, कारण नस मुळाच्या कोणत्या बाजूला आहे आणि मध्ये हाड उरले आहे की नाही, हे त्यात कळते. नस आणि मुळे खरोखरच चिकटलेली असतील, तर फक्त दाढेचा माथा काढून मुळे जागीच ठेवण्याचा, कोरोनेक्टॉमीचा, पर्याय असतो. मात्र मुळे किडलेली किंवा हलणारी असल्यास तो चालत नाही. जिभेची नस यांपैकी कोणत्याही एक्स-रेत दिसत नाही, तिच्याविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वेगळे विचारावे.

या सर्वांआधी त्याच चित्रात शेजारच्या दाढेची मागची बाजू पाहावी. अक्कलदाढ पुढे कलून तिथे टेकली असेल, तर कीड तिथेच लपून वाढते. तशी कीड नसेल आणि हिरडीही वारंवार सुजत नसेल, तर दाढ आत्ताच काढण्याची गरज आहे का, हा प्रश्न बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे ती फाइल उघडून विचारावा.